परतणारे मूल आणि अस्थिर राष्ट्र : ‘द फॅमिश्ड रोड’चे एक वाचन

नायजेरियन लेखक बेन ओक्री यांच्या ‘द फॅमिश्ड रोड’ या कादंबरीला १९९१ साली बुकर पारितोषिक मिळाले. तेव्हापासून तिची चर्चा प्रामुख्याने ‘जादुई वास्तववाद’ या संज्ञेखाली होत आली आहे. ही संज्ञा सोयीची असली, तरी वास्तव आधी असते आणि जादू त्यात मागाहून मिसळली जाते, असे एक गृहीतक तिच्यात दडलेले आहे. ओक्री यांच्या कादंबरीत हा क्रम आढळत नाही.

कादंबरीचा निवेदक अझारो हा ‘अबिकू’ आहे. अल्पवयात मरून पुन्हा पुन्हा त्याच आईच्या पोटी येणाऱ्या मुलास योरुबा लोकसमजुतीत अबिकू म्हणतात. अशा मुलांना ‘मालोमो’, म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’, यांसारखी नावे ठेवली जात. मराठी वाचकास हे सर्वस्वी अपरिचित वाटू नये. मुले दगावत असलेल्या घरात दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवण्यामागे, किंवा छत्तीसगढमध्ये मुलास बिसाहू, म्हणजे विकत घेतलेला, म्हणण्यामागे हीच व्याकुळता होती. भेद एवढाच, की योरुबा नाव मुलाची विनवणी करते, तर आपल्याकडील नाव मृत्यूची नजर चुकवते. अबिकू ही कल्पना मुळात कौटुंबिक शोकाची भाषा आहे, हे ध्यानी घेतले की तिला ‘जादू’ म्हणणे अपुरे ठरते.

ओक्री या कौटुंबिक भाषेला राजकीय अर्थ देतात. अझारोचे वडील ओझी वाहतात, आई फिरून वस्तू विकते, घरमालक भाड्यासाठी छळतो. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आहे. श्रीमंतांचा पक्ष मते मिळवण्यासाठी दुधाची भुकटी वाटतो आणि ती नासकी निघून वस्ती आजारी पडते. १९६० मध्ये स्वतंत्र झालेला नायजेरिया १९६६ च्या लष्करी उठावातून १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धात लोटला गेला. हा पुढील इतिहास ठाऊक असलेल्या वाचकास देशालाच अबिकू मानणारी कादंबरीची कल्पना सार्थ वाटते.

तथापि याच कल्पनेत एक धोका आहे. अबिकूच्या मृत्यूस कोणी मनुष्य उत्तरदायी नसतो; नासक्या भुकटीस असतो. राष्ट्राचे अपयश पुनर्जन्माच्या चक्रात बसवले, की उत्तरदायित्व नियतीकडे सरकते. वस्तीतील छायाचित्रकाराचे पात्र या सरकण्यास अटकाव करते, कारण तो घडलेल्या गोष्टीचा पुरावा मागे ठेवतो.

दुसरा प्रश्न मादाम कोटो या पात्राचा. मद्यगृह चालवून संपन्न होणाऱ्या या स्त्रीविषयी ती चेटकीण असल्याची कुजबुज वस्तीत वाढत जाते. कादंबरी ही कुजबुज केवळ नोंदवत नाही, तर अनेक ठिकाणी तिला दुजोराही देते. भिलाईसारख्या ठिकाणी बसून वाचणाऱ्यास हे स्थळ सहज ओलांडता येत नाही. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. तरीही ज्या राज्यात हे शहर वसले आहे, त्यास स्त्रियांना ‘टोनही’ ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध २००५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आधुनिक उद्योग आला म्हणून संशयाची जुनी भाषा आपोआप मावळली नाही. कोटोच्या वस्तीतही वीज प्रथम तिच्याच मद्यगृहात येते आणि भय कमी होण्याऐवजी वाढते.

म्हणून अशा साहित्यातील अतिमानुषाकडे अंधश्रद्धा म्हणून तुच्छतेने पाहणे किंवा लोकपरंपरा म्हणून त्याचा सरसकट गौरव करणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. आत्म्यांचे अस्तित्व कादंबरीत कोणाचे दुःख बोलके करते आणि कोणावर आरोप लादते, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते. अझारोच्या बाबतीत ओक्री या कसोटीस पूर्णपणे उतरतात. मादाम कोटोच्या बाबतीत नाही. कादंबरीचे मोठेपण मान्य करूनही ही उणीव नोंदवणे आवश्यक आहे.