साठा विखुरला, लेख उरला : नाण्यांवरच्या जुन्या पुस्तकांचा संग्रह कशासाठी?



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा माणूस जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून उतारवयात नाण्यांच्या नादी लागला. तसं नाही. माझ्याकडे जुनं नाणं एकही नाही. घरात दोन शिवराया होत्या, त्याही पुतण्यानं नेल्या. (हशा) माझ्याकडे आहेत ती नाण्यांवरची पुस्तकं, आणि त्याहून जास्त नियतकालिकांचे जुने अंक. त्यामुळे ‘नाणी नसताना नाण्यांची पुस्तकं कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर द्यायचा आज प्रयत्न करतो. आणि उत्तर देताना आम्हा संग्राहक मंडळींवर थोडी टीकाही करणार आहे. त्यात मीही आलोच.

संग्राहकांच्या जगात एक सल्ला फार प्रसिद्ध आहे : आधी पुस्तक घ्या, मग नाणं. सल्ला चांगला आहे, कितीतरी लोकांचे पैसे त्यानं वाचवले असतील. पण त्यात पुस्तकाची जागा काय, ते बघा. पुस्तक म्हणजे सोनाराची कसोटी. नाणं पारखून झालं की ती खिशात परत. ही झाली एक दृष्टी. दुसरी दृष्टी याच्या उलट टोकाची. तिथं पुस्तक हेच नाणं होऊन बसतं. पहिली आवृत्ती आहे का, मूळ बांधणी आहे का, किती प्रती उरल्यात, लिलावात काय भाव आला. पुस्तक उघडायची गरजच राहात नाही. पहिल्या दृष्टीत पुस्तक हे हत्यार, दुसऱ्या दृष्टीत ते दागिना. माझं म्हणणं असं की दोन्हीकडे मुख्य गोष्ट सुटते. जुनं पुस्तक ही साक्ष आहे. आणि साक्षीदाराला कसं वागवायचं याचे काही नियम असतात.

हे नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. आपल्याच नाशिकजवळचं.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. क्षहरात कुळातल्या नहपान या क्षत्रपाची नाणी. तोपर्यंत नहपानाचं नाणं म्हणजे अगदी विरळा वस्तू होती, आणि इथं एका ठिकाणी हजारोंनी निघाली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातली १३,२५० नाणी तपासली आणि त्यावर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये, बाविसाव्या खंडात, वीस-बावीस पानांचा लेख लिहिला. आज टाउन हॉलमध्ये जी एशियाटिक सोसायटी आहे, तिचंच हे जर्नल.

त्या लेखातली मुख्य गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. या नाण्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचं चैत्यचिन्ह, दुसऱ्या बाजूला ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते. खालचा जुना ठसा पूर्ण पुसलेला नाही, मधूनमधून डोकावतो. पांडवलेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलानं क्षहरातांचा निःपात केल्याचं म्हटलं आहे. पण ती आईनं केलेली मुलाची प्रशस्ती. प्रशस्तीत काय, काहीही लिहितात. या नाण्यांनी त्या प्रशस्तीला धातूचा आधार दिला.

आता मुद्दा नीट लक्षात घ्या. समजा, त्या साठ्यातलं एक नाणं माझ्या तळहातावर आहे. ते मला काय सांगेल? एवढंच, की कुणीतरी नहपानाच्या नाण्यावर गौतमीपुत्राचा ठसा मारला. ही गोष्ट एकदा घडली की हजारदा, ते नाणं सांगणार नाही. पुन्हा ठसा मारलेली किती आणि कोरी राहिलेली किती, हे प्रमाण कुठल्याच एका नाण्यात नसतं. ते साठ्यात असतं. आणि तो साठा आज एका जागी नाही. नाणी पांगली. काही संग्रहालयांत गेली, काही खाजगी हातांत. मग ते प्रमाण आज कुठं आहे? स्कॉटसाहेबांच्या त्या वीस-बावीस पानांत आहे. साठा विखुरला, लेख उरला. म्हणून मी म्हणतो, लाखभर रुपयांचं नाणं कपाटात ठेवणाऱ्यानं त्या लेखाला ‘संदर्भसाहित्य’ म्हणून खालच्या फळीवर ढकलू नये. नाण्याच्या निम्म्या अर्थाची मालकी त्या लेखाकडे आहे.

आमच्या विषयातली भाषा वापरायची तर, नैयायिकांनी शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं. वैशेषिकांनी ते अनुमानात घातलं, चार्वाकानं साफ नाकारलं. नाणी जमवणारे बहुतेक लोक मनानं चार्वाक असतात : हातात आलं तेच खरं. पुस्तकं जमवणाऱ्याला मात्र नैयायिक व्हावं लागतं. पण नैयायिकसुद्धा कुणाचाही शब्द प्रमाण मानत नाहीत, आप्ताचा मानतात. ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची आहे, तो आप्त. मग पुढचा प्रश्न येतो : स्कॉटसाहेब आप्त आहेत का?

इथं गंमत आहे. त्याच लेखात त्यांनी आणखी एक सिद्धान्त मांडला. नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठं तरुण, कुठं म्हातारा, कुठं नाक सरळ, कुठं बाकदार. यावरून त्यांनी अनुमान काढलं की हे एका माणसाचे चेहरे नसावेत, एकाच घराण्यातल्या निरनिराळ्या पुरुषांचे असावेत आणि नहपान हे नाव त्या सगळ्यांना लागू असावं. हे मत टिकलं नाही. आणि ते का टिकू नये, याचं कारण नाणी न बघताही सांगता येतं. चेहरे वेगळे दिसतात याची दोन कारणं असू शकतात : माणसं वेगळी, किंवा ठसे कोरणारे हात वेगळे. इतकी नाणी पाडायची तर ठसे पुष्कळ लागणार, कारागीर पुष्कळ लागणार, आणि त्यातल्या कितींनी राजाला समोर पाहिलं असेल? स्कॉटसाहेबांनी दुसरी शक्यता हलकी धरली. कारागिराला त्यांनी आरसा मानलं.

म्हणजे एकाच लेखात, एकाच माणसाची, मोजणी भरवशाची आणि अनुमान कच्चं. आप्तत्व हे माणसाला एकगठ्ठा मिळत नाही, वाक्यागणिक तपासावं लागतं. जुन्या पुस्तकांवर माझं प्रेम आहे, ते या कारणानं. नवं पुस्तक आपल्याला निष्कर्ष देतं : ‘नहपान एकच होता.’ ठीक आहे. पण चूक कुठल्या पायरीवर झाली, हे जुन्या लेखातच दिसतं. जो संग्राहक म्हणतो, ‘नवं आलं, आता जुनं कालबाह्य झालं’, तो चुकीबरोबर मोजणीही फेकून देतो. आणि जो म्हणतो, ‘जुनं ते सोनं’, तो मोजणीबरोबर चूकही देव्हाऱ्यात बसवतो.

नियतकालिकांचं महत्त्व इथंच आहे. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा जेम्स प्रिन्सेप १८३०च्या दशकात एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालच्या जर्नलमध्ये नाण्यांवर लिहीत होता. नवं नाणं आलं की नवी टिपण, त्यात आधीच्या मताची दुरुस्ती. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचं कोडं सुटलं, तेही अशाच वाटेनं, आणि त्यात सौराष्ट्राच्या क्षत्रप नाण्यांचा वाटा होता. १८४० साली तो वारला. पुढं १८५८ मध्ये एडवर्ड थॉमस यांनी त्याचे निबंध दोन खंडांत, स्वतःच्या टिपा घालून, काढले. ते खंड उपयुक्त आहेत, मी रोज वापरतो. पण त्यात विचार पूर्ण झालेला दिसतो. मूळ अंक ओळीनं वाचले तर विचार चालताना दिसतो. अडखळतो, मागं येतो, पुन्हा निघतो. विद्यार्थ्याला यातलं काय दाखवावं, हे मला चाळीस वर्षांच्या मास्तरकीनं शिकवलं आहे.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नाही : पंडित भगवानलाल इंद्रजी. जुनागढचा माणूस, मुंबईत डॉ. भाऊ दाजींकडे काम करून तयार झालेला. पश्चिमी क्षत्रपांवरचा त्यांचा निबंध ते वारल्यावर, १८९० साली, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये ई. जे. रॅप्सन यांनी संपादित करून छापला. त्यांची नाणी ब्रिटिश म्युझियमला गेली. १९०८ मध्ये याच रॅप्सन यांचा आंध्र म्हणजे सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या नाण्यांचा प्रसिद्ध कॅटलॉग निघाला. कॅटलॉगच्या पाठीवर एकच नाव असतं. १८९०चा तो अंक शेजारी ठेवला की त्यामागचं दुसरं नाव दिसायला लागतं. श्रेय कुणाचं, हा प्रश्न अनेकदा जुन्या अंकांच्या फळीवरच सुटतो.

आता टीका. रॅप्सनच्या कॅटलॉगची मूळ प्रत महाग, म्हणून लोक पुनर्मुद्रण घेतात, किंवा फुकटची पीडीएफ. याला माझी काडीची हरकत नाही. पीडीएफनं तालुक्याच्या गावातल्या मुलाला जे दिलं, ते आमच्या पिढीला मुंबईला जाऊनही मिळत नव्हतं. पण ती वापरताना आपण काय बघतोय, हे माहीत असावं. त्या काळचे ब्रिटिश म्युझियमचे कॅटलॉग बघा. त्यातल्या प्लेटसाठी नाण्याचा प्लास्टरमध्ये साचा घेत, कारण धातू चकाकतो आणि फोटो बिघडतो. त्या प्लास्टरचा फोटो काढून कॉलोटाइप पद्धतीनं, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून, छपाई करत. त्यात ठिपक्यांची जाळी नसते. भिंग लावलं तर बारकावे दिसतात. पुनर्मुद्रणात त्याच प्लेटचा पुन्हा फोटो, तोही ठिपक्यांत मोडलेला. भिंग लावलं की ठिपकेच मोठे होतात. आणि स्कॅन करणाऱ्याचं लक्ष मजकुरावर असतं, अक्षर वाचता आलं की काम झालं. प्लेट काळी पडली, घडीचा नकाशा घडीतच राहिला, याकडे कोण बघतो?

म्हणजे ठसा, नाणं, प्लास्टर, फोटो, छपाई, पुनर्मुद्रण, स्कॅन. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळतं. मूळ प्रतसुद्धा नाणं नव्हे, तिच्यात रंग नाही, वजनाचा अनुभव नाही. पण ती दोन-तीन पायऱ्या जवळ आहे. आणि आपण चेहऱ्यांवरून, अक्षरांच्या वळणावरून वाद घालणार असू तर या पायऱ्या मोजायला हव्यात. नाहीतर आपण स्कॉटसाहेबांचीच चूक करतो. त्यांनी कारागिराला आरसा मानलं, आपण स्कॅनरला मानतो.

दुसरी टीका ग्रंथालयांवर आणि आपल्या सगळ्यांवर. ‘स्कॅन झालं, आता कागद कशाला?’ म्हणून बांधीव खंड रद्दीत जातात. नाण्यांवरच्या एका जुन्या नियतकालिकाचा एक खंड मला असाच रद्दीवाल्याकडे मिळाला. आत एका ग्रंथालयाचा शिक्का, त्यावर ‘रद्द’. आनंदानं घरी आणला. रात्री बघतो तर प्लेटा गायब, ब्लेडनं कापलेल्या. बाइंडिंग करणाऱ्यानं अंकांची मुखपृष्ठं आणि जाहिराती आधीच काढून टाकल्या होत्या, त्यामुळे कुठला अंक कुठल्या महिन्याचा हेही कळेना. हे करणारे कुणी दुष्ट नव्हते. बाइंडरला वाटलं, जाहिराती कोण वाचणार? ज्यानं प्लेटा कापल्या, त्यानं त्या कदाचित चौकटीत लावल्या असतील, प्रेमानं. दागिना म्हणून बघण्याचा शेवट हा असा होतो.

माझ्या वयाच्या संग्राहकांना एक विनंती करतो. आपल्या मागे काय होणार, हे आपल्याला माहीत आहे. मुलं परदेशात, घर लहान, कपाटं भरलेली. नाण्यांना गिऱ्हाईक मिळतं, पण नियतकालिकांचे सुटे अंक किलोच्या भावानं जातात. म्हणून आजच यादी करा. यादीत नुसतं नाव-साल नको, पानं आणि प्लेटा मोजून लिहा, काय नाही तेही लिहा. समासातल्या टिपा खोडू नका, त्याही साक्ष आहेत. आणि संग्रह कुणाला द्यायचा ते जिवंतपणी ठरवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत एशियाटिक आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. विचारून तर बघा.

तो कापलेला खंड मी अजून ठेवला आहे. नंतर एका ग्रंथालयात त्याची पूर्ण प्रत बघायला मिळाली. तिथं बसून मी कुठल्या प्लेटा माझ्याकडे नाहीत, कुठल्या पानासमोर त्या असायला हव्यात, ते एका चिठ्ठीवर लिहून काढलं आणि ती चिठ्ठी खंडात ठेवली. खंड अपुराच आहे. पण आता तो स्वतःविषयी खरं सांगतो. साक्षीदाराकडून मला एवढं पुरेसं आहे.