अँटिगनी आणि गांवाचा वृंद

९ ऑगस्ट २०१४ रोजीं अमेरिकेंतील फर्गसन गांवीं मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णी तरुण पोलिसाच्या गोळीनें मरण पावला. त्याचें शव सुमारें ४ तास रस्त्यावर होतें. भावाचें प्रेत संस्काराविना राहूं नये म्हणून राजाज्ञा मोडणारी सोफोक्लीजची अँटिगनी या गांवास परकी कां वाटावी? २०१६ सालीं ब्रायन डोरीस यांनीं मायकेल जेथें शिकला त्याच नॉर्मंडी हायस्कुलांत तिची कथा सादर केली. नटांनीं संहिता वाचली. वृंदगान मात्र स्थानिक गायक, शिक्षक व पोलीस यांनीं मिळून केलें. शेवटीं प्रेक्षकांसह चर्चा झाली.

अशा चर्चेनें रसभंग होतो, हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. अथेन्समध्येंहि वृंदांत धंदेवाईक नट नसत, नागरिकच असत. शिवाय सोफोक्लीजनें क्रेऑन राजालाहि त्याची बाजू दिली आहे. म्हणूनच पोलीस व शिक्षक एका वृंदांत उभे राहूं शकले. घडलेल्या घटनेचें नांव काढतांच जें गांव दुभंगतें, तें थीब्ज नगरीच्या निमित्तानें एकत्र बसून बोलूं शकतें. पुराणकथेचें दूरत्व हेंच येथें तिचें सामर्थ्य होय. परंतु क्रेऑनला केवळ खलपुरुष करणाऱ्या मंडळीस हें साधणार नाहीं. मग रंगभूमीवर उरेल तें निव्वळ आरोपपत्र.