‘सत्तांतर’मधली न दिसलेली टोळी

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळीवरची छोटी कादंबरी. 1983चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. वाचलेल्या कुणालाही विचारा, काय आठवतं? नवा नर येतो, जुन्याला हाकलतो, पिल्लं मारतो. आणि लगेच पुढचं ठरलेलं वाक्य: ‘आपलं राजकारण तरी वेगळं काय आहे?’

कादंबरी मला आवडते. माडगूळकर रानात बसून बघणारे लेखक, वानरांना माणूस न करता लिहिणारे. माझं भांडण आहे ते नावाशी. कुठं बघायचं, हे ते नाव आधीच सांगून टाकतं.

पिल्लं मारणं खोटं नाही. धारवाडजवळ युकिमारू सुगियामांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ते नोंदवलं. अबूच्या वानरांवर साऱ्हा हर्डींचं पुस्तक 1977मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं, की पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची पिल्लं होतात. त्याला घाई असते, कारण टोळीत तो टिकतो सरासरी दोन-सव्वादोन वर्षं. आमच्या भाषेत, कॉन्ट्रॅक्टवर. माद्या मात्र जिथं जन्मतात तिथंच म्हाताऱ्या होतात. मग टोळी कुणाची?

आमच्या अंबड तालुक्यात काळतोंडी ती वानरं, लालतोंडी ती माकडं. मोसंबीच्या बागेत वानरं उतरली की लोक फटाके वाजवतात आणि सगळ्यांची नजर त्या एका दांडग्या नरावर. दुपारी बांधावरच्या लिंबाखाली कुणी बघत नाही. तिथं एक मादी हात वर करून, डोळे मिटून पडलेली असते आणि दुसरी तिच्या बगलेतले केस बाजूला सारून खपल्या, किडे वेचत असते. थोड्या वेळानं पाळी बदलते. यात कथानक नाही, म्हणून कादंबरीकाराला ते अवघड. पण टोळी बांधलेली राहते ती याच कामानं. टालापॉइन या आफ्रिकी माकडांच्या अभ्यासात असं वेचून घेतल्यावर शरीरात एंडॉर्फिन वाढलेलं दिसलं. सुख वाटतं, म्हणून जवळ बसवतं.

हर्डींनी आणखी एक पाहिलं. वानरांत वय झालेल्या मादीची पत घसरते, तरुणी वरचढ होतात. पण मारायला आलेल्या नराच्या आणि पिल्लाच्या मध्ये जाऊन पडतात त्यात या म्हाताऱ्याच पुढे. त्यांच्यावर कादंबरी लिहिली असती, तर तिचं नाव ‘सत्तांतर’ ठेवता आलं नसतं.

रॉबिन डनबार यांनी 1996च्या पुस्तकात मांडलं, की माणसांची टोळी मोठी झाली, वेचायला हात पुरेनात, म्हणून गप्पा आल्या. कल्पना झकास आहे (व्हॉट्सअॅपवरच्या ‘शुभ सकाळ’चा अर्थ मला तिच्यामुळेच लागला), पण अर्धीच पटते. आमच्याकडं ओट्यावर दुपारी एकीचं डोकं दुसरीच्या मांडीवर असायचं. उवा-लिखा काढणं चालू आणि गावच्या बातम्याही चालू. तोंड आलं म्हणून हात रिकामा झाला नाही.

आणि राजकारणाची तुलना इथंच फसते. वानरांत घर सोडतो तो नर. आपल्यात सोडते ती मुलगी. वानराच्या मादीला वेचणारी आई, बहीण, मावशी आयुष्यभर हाताशी असते. आपली पोरगी अठराव्या-विसाव्या वर्षी अनोळखी ओट्यावर येऊन बसते आणि तिच्या डोक्याला हात लावणारं तिथं कुणी नसतं. ‘सत्तांतर’मध्ये आमदार शोधणाऱ्यांना ही उलटापालट दिसलेली मी ऐकलेली नाही.

आई परतूरकडून लग्न होऊन आली. पहिले सात-आठ महिने ती मोरीजवळच्या आरशात स्वतःची वेणी स्वतःच घालायची, वाकडी भांग पडायची. मग एका दुपारी मोठी आई, म्हणजे तिची थोरली जाऊ, फणी घेऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, “ये गं, बैस इकडं. येणी घालून देते.” सासरी आपण राहू शकू, हे आईला त्या दिवशी वाटलं म्हणे.