नाव आणि कृती : प्रवरेच्या खोऱ्यातील स्मारकांचा विचार

स्मारक हा इतिहासाचा पुरावा नव्हे. तो इतिहासावर दिलेला अभिप्राय होय. म्हणून स्मारकाची परीक्षा करताना ते कोणाचे आहे, एवढे विचारून भागत नाही. त्याने काय सांगितले आणि काय गाळले, हेही पाहावे लागते. अकोले तालुक्यातील राजूर व त्याच्या परिसरातील प्रवरेचे खोरे अशा परीक्षेस विशेष सोयीचे आहे. कारण येथे दोन परस्परविरोधी सत्तांची स्मृती एकाच पाण्याच्या काठी उभी आहे.

राजूरच्या पश्चिमेस भंडारदरा येथे प्रवरेवर बांधलेल्या दगडी धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले व १९२६ मध्ये पुरे झाले. लेस्ली विल्सन हे १९२३ ते १९२८ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. धरणास त्यांचे नाव मिळाले, आणि जलाशयाशी आर्थर हिल या अभियंत्याचे नाव जोडले गेले. धरणाच्या उभारणीस निघालेली सोळा वर्षे, तेथे राबलेले हात आणि पाण्याखाली गेलेली जमीन यांपैकी कशाचाही निर्देश या नावांत नाही. लोकांनी मात्र ही नावे फारशी स्वीकारली नाहीत. बोलण्यात 'भंडारदरा' हेच टिकले. सरकारी नामकरणावर लोकभाषेने दिलेला हा निर्णय स्मारकांच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

राघोजी भांगरे यांच्या स्मृतीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. राजूरजवळील देवगाव हे त्यांचे गाव. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर डोंगरी किल्ल्यांच्या रखवालीवर व वतनांवर ज्यांचा चरितार्थ चाले, त्या महादेव कोळी घराण्यांचा आधार खचला. १८२९-३० च्या सुमारास झालेल्या उठावात राघोजींचे वडील रामजी भांगरे अग्रभागी होते. १८४४ नंतर राघोजींनी केलेल्या बंडाचा रोख सरकारइतकाच सावकारांवरही होता. १८४८ च्या जानेवारीत पंढरपूर येथे ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. पुढे १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरने ही हकीकत लुटारू टोळ्यांच्या बंदोबस्ताची म्हणून मांडली.

स्वातंत्र्योत्तर काळात हा निवाडा उलटला, आणि ते न्याय्यच झाले. राघोजींची स्मारके उभी राहिली, जलाशयाशीही त्यांचे नाव जोडले गेले. त्यांच्या नावामागे 'आद्य क्रांतिकारक' हे विशेषण आता रूढ आहे. तथापि हेच विशेषण ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाईकांना लावले जाते, आणि १८८३ मध्ये एडनच्या कारावासात मृत्यू पावलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनाही लावले जाते. जे विशेषण तिघांना सारखेच बसते, ते तिघांपैकी कोणाचेच वैशिष्ट्य सांगू शकत नाही. अग्रक्रमाचा वाद सोडला तरी आक्षेप उरतोच : 'लुटारू' या शब्दाने बंडाची कारणे झाकली होती, 'आद्य' या शब्दाने ती उघडी होत नाहीत. वतन, रखवाली, कर्ज आणि जप्ती हे शब्द दोन्ही मजकुरांच्या बाहेर राहतात. निंदेच्या जागी स्तुती आली. वृत्तांत मात्र आला नाही.

येथे महाराष्ट्रातील वीरगळांशी तुलना उद्बोधक ठरते. वीरगळाच्या खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराचे स्वर्गारोहण आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, अशी मांडणी सामान्यतः आढळते. अनेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते. परंतु तळाशी गाई कोरलेल्या असल्या, तर तो मनुष्य गोधन राखताना पडला हे अक्षरशत्रूलाही कळते. तेथे नाव गेले तरी कृती राहिली. आधुनिक स्मारकात याच्या उलट घडते : नाव मोठ्या अक्षरांत राहते आणि कृती विशेषणात विरून जाते. अर्थात वीरगळही निर्दोष नव्हे. पडलेल्याच्या पाठीमागे राहिलेल्यांचे काय झाले, हे तोही सांगत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ भूतकाळापुरते नाही. भंडारदऱ्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांत गेले. तेथे ऊस वाढला, आणि १९५० च्या सुमारास लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याच्या परिसरास प्रवरानगर हे नदीचेच नाव मिळाले. लाभाची स्मृती खाली आहे, त्यागाची भूमी वर आहे. दोहोंना जोडणारे वाक्य कोणत्याही नामकरणात नाही. राघोजींचे नाव जलाशयास शोभते ते याच कारणाने, कारण डोंगरातील माणसाचा डोंगरातील साधनांवर हक्क कोणता, हा त्यांच्या बंडातील प्रश्न पाण्याच्या संदर्भातही उभा राहतो. पण तो संबंध शब्दांत मांडल्यावाचून बदललेले नाव विल्सनच्या नावाइतकेच मुके ठरेल.

स्मारकलेखनाकडून अपेक्षा मोठी नाही. काय हिरावले गेले, कोणी प्रतिकार केला आणि त्याचे पर्यवसान कशात झाले, एवढ्या तीन गोष्टी साध्या मराठीत नोंदविल्या तरी पुरे. राजूरच्या बाजाराला आलेला आदिवासी विद्यार्थी तो मजकूर वाचील, तेव्हा त्याच्या हाती केवळ एका पूर्वजाचा गौरव न येता आपल्या खोऱ्याच्या इतिहासाचे एक सूत्र यावे. गौरवाला विशेषण पुरते. इतिहासाला क्रियापद लागते.