गाणी राहिली, नाटके कुठे गेली?



नाटकातले गाणे चांगले की वाईट, हे ठरवण्याची माझी कसोटी एकच आहे. ते गाणे काढून टाकले तर नाटक लंगडते का? लंगडत असेल तर ते नाटकाचे गाणे. लंगडत नसेल, तर ते कितीही गोड असो, ते नाटकात पाहुणे म्हणून आलेले आहे. मी काही संगीताची जाणकार नव्हे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. पण संगीत नाटकांचे वेड मला शाळकरी वयापासून आहे. गेली काही वर्षे हिवाळ्यात मी लेकीकडे अबुधाबीला राहते. तिथे या वयात मला दोन मोठी इंग्रजी संगीत नाटके पाहायला मिळाली. ती पाहून आपल्या जुन्या नाटकांविषयी जे विचार मनात आले, ते इथे मांडते.

२०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात यास बेटावरच्या एतिहाद अरीनात ‘द लायन किंग’ आले होते. गोष्ट मुलांची आहे. सिंहाच्या राजाला त्याचा भाऊ दगा देऊन मारतो, छावा पळून जातो आणि मोठा होऊन परत येतो. एल्टन जॉन यांच्या चालींची, चित्रपटामुळे घरोघर पोचलेली गाणी त्यात आहेत. मला ती बेताचीच वाटली. त्यांतली एक-दोन गाळली तरी गोष्ट अडणार नाही. नाटक खरे उभे राहते ते दक्षिण आफ्रिकेचे संगीतकार लेबो एम. यांच्या समूहगायनावर. पहिलीच हाक झुलू भाषेत येते. प्रेक्षागृहात अरब, मलयाळी, फिलिपिनो, इंग्रज आणि आमच्यासारखे. झुलू कोणाला येणार? पण रंगमंचावर सूर्य उगवत असतो, प्राणी प्रेक्षकांमधून चालत येत असतात, आणि त्या हाकेचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

दुसरी एक जागा सांगते. पहिल्या अंकात बाप मुलाला ताऱ्यांकडे बोट दाखवून गाण्यातून सांगतो की, आपले पूर्वज आपल्यातच राहतात. दुसऱ्या अंकात बाप नाही. तेव्हा रफिकी ही शहाणी वानरी त्याच चालीवर सांगते की, तुझा बापही तुझ्यातच आहे. चाल तीच, पण मधल्या काळात मुलाने बाप गमावलेला असतो, म्हणून ती काळजाला भिडते. हे गाणे तिथून उचलून दुसरीकडे ठेवा, निम्मा अर्थ गेलाच समजा.

२०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्याच ठिकाणी ‘हॅमिल्टन’ झाले. लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे हे नाटक २०१५ चे. अमेरिकेच्या पहिल्या अर्थमंत्र्याचे चरित्र, आणि जवळजवळ सगळे गाण्यात. बर नावाचा त्याचा प्रतिस्पर्धी आपल्या सूत्रधारासारखा पुढे येऊन गोष्ट सांगतो, आणि शेवटी १८०४ च्या द्वंद्वयुद्धात तोच नायकाला गोळी घालतो. क्रांतिकारक रॅपमध्ये बोलतात, मंत्रिमंडळातली भांडणेही रॅपमध्येच होतात. इंग्लंडचा राजा मात्र जुन्या इंग्रजी पॉपच्या गोड चालीत गातो, जणू रुसून गेलेल्या प्रेयसीची समजूत घालावी तशी हातून निसटणाऱ्या वसाहतींची समजूत घालतो. कोण कोणत्या काळाचा माणूस आहे, हे नुसत्या चालीवरून कळते. माझी तक्रार एवढीच की, शब्द फार वेगाने येतात. लेकीने आधी गोष्ट समजावून दिली नसती तर आमच्या वयाच्या माणसाला निम्मे पोचले नसते.

ते मंत्र्यांचे गाण्यातले भांडण ऐकताना मला ‘कट्यार काळजात घुसली’ आठवले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ चे. आलिया करण्यापूर्वी मी ते मुंबईत पाहिले, वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत. पंडितजींची गायकी आणि खाँसाहेबांची गायकी, हाच त्या नाटकातला झगडा. जितेंद्र अभिषेकींनी दोघांना वेगळ्या धाटणीच्या चाली दिल्या, त्यामुळे गाणे सुरू झाले की गोष्ट थांबत नाही, पुढेच जाते. माझ्या कसोटीला मराठीत सर्वांत खरे उतरणारे नाटक हेच. ‘घाशीराम कोतवाल’ही उतरते. भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर ती ब्राह्मणांची रांग हलते, डोलते, भिंत होते. संगीत बंद केले तर नाटकच उरत नाही.

पण आमच्या आधीच्या पिढीचे काय? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’. त्यांत पदे ढीगभर, पण छोटी. साकी, दिंडी अशा कीर्तनातल्या ओळखीच्या चालींवर पात्रे एकमेकांशी बोलतात, चिडतात, थट्टा करतात. पुढे १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीच्या ढंगाच्या चाली दिल्या, १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाचे रंग दिले. चाली इतक्या सुंदर की त्या आजही जुन्या वाटत नाहीत. त्यांतून बालगंधर्वांसारखा गळा. लोक ‘वन्समोअर’ देत राहिले आणि खेळ रात्रभर चालू लागले. तोवर कृष्णाने काय करावे? बाजूला उभे राहून ऐकावे! १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपट आणला. त्याची कथा आपल्याच समाजाच्या जोसेफ डेव्हिड पेणकरांची होती, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या नव्या, आटोपशीर करमणुकीपुढे रात्रभराचे नाटक टिकणे कठीणच होते.

कोणी म्हणेल, बाई, त्या गाण्यांमुळेच तर ‘स्वयंवर’चे नाव राहिले. बरोबर आहे. नुसत्या संवादांवर ते इतकी वर्षे जगले नसते. पण राहिले ते काय? नाव आणि चार-सहा पदे. अमिरातीतही मराठी मंडळी हौसेने नाट्यसंगीताच्या मैफली करतात, तरुण मुले-मुली छान गातात. मी जाते, टाळ्या वाजवते. एकदा एका मैफलीनंतर शेजारच्या तरुणाला विचारले की, हे पद नाटकात कोण कोणाला म्हणते? त्याला सांगता आले नाही. त्याचा काय दोष? त्याला गाणे मिळाले, नाटक कोणी दिलेच नाही.

इस्राएलमधले एक उदाहरण घेऊ. ‘कझाब्लान’ हे संगीत नाटक १९६६ चे, संगीत डोव्ह झेल्त्सर यांचे, नायक येहोराम गाओन. त्यातले ‘कुलानू येहुदीम’ हे गाणे सुटे ऐकले तर उत्सवातल्या घोषणेसारखे वाटते. पण नाटकात याफोच्या वस्तीत मोरोक्कोहून आलेल्या तरुणाला अश्केनाझी शेजारी खालचा समजतात, मुलगी द्यायला कचरतात. अशा वस्तीत ‘आपण सारे यहुदी’ हे शब्द टोचतात. १९६४ साली क्नेसेतला आपल्या बेने इस्राएलांच्या बाजूने ठराव करावा लागला, त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना हे गाणे नाटकाच्या आत कसे ऐकू येते, हे मी सांगायला नको.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते. किर्लोस्करांनी ज्या कीर्तनातून चाली घेतल्या, त्याच कीर्तनाचा साचा आपल्या पूर्वजांनीही त्याच सुमारास उचलला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत रचली, त्यांत साकी, दिंडी, ओवी घातली. कीर्तनकार गोष्ट सांगत असे, आणि गोष्टीला जिथे गाणे हवे तिथे गात असे. ते आमचे संगीत नाटकच होते. आज आपल्या मेळाव्यांतून त्याचे काय ऐकू येते? दोन पदे, चार पदे, एखादी आजी आठवेल तसे म्हणते. निरूपण गळून गेले. ‘स्वयंवर’चे झाले तेच आपल्या कीर्तनाचे होत आहे, आणि आपल्याकडे तर बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांसारखा आधारही मोठा नाही.

आपण म्हणतो, नातवंडांना मराठी येत नाही, त्यांना काय कळणार? मला वाटते, सुटे पद त्यांना कळणार नाही हे खरेच. पण अबुधाबीत हजारो माणसांना झुलू येत नव्हते, तरी त्यांना ती हाक कळली, कारण ती आपल्या जागी होती. योसेफाला भाऊ खड्ड्यात टाकतात ही गोष्ट नातवंडांना ठाऊक आहे. निरूपण हिब्रूत करा, पदे मराठीत ठेवा. खड्ड्याजवळचे पद खड्ड्याजवळ गायले की मुलांना अर्थ विचारावा लागणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. ज्यांच्या घरी जुन्या आख्यानांच्या वह्या किंवा छापील पुस्तके असतील, त्यांनी त्यांतली नुसती पदे उतरवून देऊ नयेत. प्रत्येक पदाच्या आधी काय घडते आणि नंतर काय घडते, हेही लिहून ठेवावे. चाल आठवत असेल तर नातवाच्या फोनवर गाऊन ठेवावी. पुढच्या हनुक्काला एखाद्या सभागृहात एकच आख्यान, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावे. गळे थकलेले असले तरी चालतील. गोष्ट मात्र पूर्ण हवी.