तय्यब मेहतांचा बांधलेला बैल

तय्यब मेहता (१९२५-२००९) यांचे १९५६ सालचे ‘ट्रस्ड बुल’ हे चित्र एप्रिल २०२५मध्ये लिलावात ६१.८ कोटी रुपयांना गेले. किमतीची खूप चर्चा झाली. चित्राविषयी बोलणे राहून गेले. त्यात पाय बांधून आडवा पाडलेला बैल आहे. शेत नाही, नांगर नाही, धनीही नाही.

वडाळ्याच्या आमच्या वर्गात मुलांना बैल काढायला सांगितला, की ती सोबत नांगर आणि पागोटेवाला शेतकरी काढतात. नांगर त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. बैलाचे हे राबते, निरोगी रूप एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांनी मोठ्या इतमामाने रंगवले. रोझा बोनर यांच्या १८४९च्या ‘निव्हर्नेमधील नांगरणी’त सहा-सहा बैलांची दोन औते चालली आहेत. माणसे त्यांच्यापुढे लहान दिसतात. जनावराची शरीररचना समजावी म्हणून बोनर पॅरिसच्या कत्तलखान्यांत जात. ते ज्ञान या चित्रात उतरले, कत्तलखाना मात्र बाहेर राहिला.

मेहतांनीही बैल वांद्र्याच्या कत्तलखान्यात पाहिला. १९७०मध्ये ‘कूडल’ या लघुपटासाठी तिथेच चित्रीकरण केले. त्यांनी मात्र तो क्षण लपवला नाही. १९४७च्या दंगलीत महंमद अली रोडवरच्या घरातून त्यांनी जमावाने एका माणसाला ठार मारताना पाहिले होते. त्यामुळे हा बैल म्हणजे फाळणीतला माणूस, असा अर्थ लावला जातो. अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. बैलाला नुसते प्रतीक केले, की समोरचे जनावर नजरेआड होते. मेहतांनी त्याचे वजन, त्याची ताकद आणि ती ताकद निकामी होणे हेच आधी रंगवले आहे. माणसाची आठवण त्यानंतर येते.

आपल्यासाठी हा प्रश्न परका नाही. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एकासमोर दुसऱ्याला जिबह करू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. जनावराला भीती कळते, हे तिच्यात गृहीतच आहे. मेहतांचे चित्र कुणावर आरोप करत नाही. ती भीती पाहायला लावते. गोश्त खाणाऱ्यालाही या चित्रापासून तोंड फिरवण्याचे कारण नाही.

चित्रकलेच्या तासाला ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवावीत. नांगराचा बैल मुलांना ठाऊक आहे. दुसऱ्याविषयी ती प्रश्न विचारतील. उत्तरे देण्याची तयारी आपली हवी.