'मेर्सी' आणि आभार : 'इंग्लिश विंग्लिश'मधील परकी भाषा व आपुलकी

प्रस्तावना :
आभाराची आणि प्रेमाची फ्रेंच पदे फ्रान्सबाहेरील लोकप्रिय संस्कृतीत फार पूर्वीच रुळली. १९६६ च्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत ऑस्ट्रियाचे उडो युर्गेन्स ज्या गीताने विजयी झाले ते जर्मन होते. त्याचे शीर्षक मात्र 'मेर्सी शेरी'. जर्मनीतील एक प्रसिद्ध चॉकलेटही 'मेर्सी' याच नावाने विकले जाते. हिंदी चित्रपटाने 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' (१९६७) पासून 'बेफिक्रे' (२०१६) पर्यंत पॅरिसला प्रेमाचे नेपथ्य केले. 'बेफिक्रे'तील एका गीताचे शीर्षकच 'ज तेम' आहे. अशा ठिकाणी फ्रेंच शब्द अलंकारासारखा येतो. तो कळला नाही तरी चालते, शोभला म्हणजे झाले. गौरी शिंदे दिग्दर्शित 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) या चित्रपटात फ्रेंचचे कार्य याहून निराळे आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
पुण्याची शशी गोडबोले (श्रीदेवी) घरी लाडू करून विकते. इंग्रजी न येण्यावरून पती व मुलगी तिची थट्टा करतात. भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला गेल्यावर ती चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गात गुपचूप नाव नोंदवते. तेथे तिला फ्रेंच आचारी लॉराँ (मेहदी नेबू) भेटतो. तो फ्रेंचमध्ये मन मोकळे करतो, ती हिंदीत. दोघांनाही परस्परांची भाषा येत नाही. तरीही बोलणे पोचते, कारण ऐकणारा आदराने ऐकतो. येथे फ्रेंच ही शोभेची भाषा उरत नाही. घरात सर्वांना कळणाऱ्या भाषेत शशीचा पाणउतारा होतो, आणि न कळणाऱ्या भाषेत तिला मान मिळतो. हा विरोधाभास चित्रपटाचा गाभा आहे. अखेरीस ती लॉराँचे आभार मानते, ते स्वतःबद्दल पुन्हा बरे वाटू लागल्याबद्दल.

मराठी घरात जवळच्या माणसाचे आभार मानण्याची रीत नाही. 'आभारप्रदर्शन' हा शब्द व्यासपीठाचा. ही रीत आपुलकीतून आली हे खरे; पण तिच्या आडोशाने घरातील बाईचे श्रम गृहीत धरले जातात, हेही तितकेच खरे. पुरुषाने केलेला स्वयंपाक कला ठरतो आणि स्त्रीने केलेला कर्तव्य, ही शशीची खंत याच ठिकाणी बोट ठेवते.

चित्रपटाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. फ्रेंच माणूस म्हणजे रसिक व पाककुशल, हा ठरीव साचा येथेही मोडलेला नाही. शिवाय गोडबोल्यांच्या घरात संवाद हिंदीत चालतात. मराठी ठळकपणे ऐकू येते ती लग्नाच्या गाण्यात. परक्या भाषेला मान मिळवून देणारा चित्रपट नायिकेच्या मातृभाषेला समारंभापुरते स्थान देतो.

हा प्रश्न पडद्यापुरता नाही. सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशी जातात. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या कापडावर धाग्याची माहिती फ्रेंचमध्ये द्यावी लागते. म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या वसाहतीशी फ्रेंचचा संबंध येतो तो लेबलापुरता. त्यात ना 'मेर्सी', ना 'शेरी'. सोलापूरच्या कामगारवस्तीत तेलुगू, कन्नड, उर्दू व मराठी शेजारी-शेजारी नांदतात. एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी कळूनही डबा वाटून खाणाऱ्या कामगार स्त्रियांना शशी आणि लॉराँ यांचे संभाषण नवलाचे वाटणार नाही. नवल वाटलेच, तर त्या संभाषणानंतर कोणी कोणाचे आभार मानले याचे वाटेल.

निष्कर्ष :
लोकप्रिय संस्कृतीत फ्रेंच पदे बहुधा भावनेच्या जागी ठेवलेली तयार चिन्हे असतात. 'इंग्लिश विंग्लिश' त्या चिन्हांना ऐकून घेणाऱ्या माणसाची जोड देतो आणि म्हणून वेगळा ठरतो. आभार कोणत्या भाषेत मानले, यापेक्षा ते कोणाच्या श्रमाचे मानले गेले आणि कोणाच्या श्रमाचे राहून गेले, हा प्रश्न तो प्रेक्षकाच्या घरापर्यंत आणून सोडतो. मराठी समीक्षेनेही तो तेथूनच पुढे न्यावयास हवा.